चार मतं, त्यातली तीन मित्रांची

प्रश्न कराडकडच्या एका गृहस्थांचा आहे. नोकरी सांभाळून दीड वर्षात त्यांनी एक मराठी पटकथा लिहिली, साखर कारखान्यातल्या काटामारीवर, म्हणजे काट्यावर उसाचं वजन कमी दाखवण्याच्या चोरीवर. त्यांचा हौशी पटकथाकारांचा एक गट आहे. दर महिन्याला ज्याला द्यायचं असेल त्याने लॉगलाइन, म्हणजे एक-दोन वाक्यांत गोष्टीचा गाभा, आणि पहिली दहा पानं द्यायची, बाकीच्यांनी वाचून अभिप्राय लिहायचा, प्रत्येकाने एक मत द्यायचं. ज्याला सगळ्यात जास्त मतं, त्याची पूर्ण पटकथा पुढच्या महिन्यात सगळ्यांनी वाचायची. यांनी तीनदा दिली. तिसऱ्या खेपेला चार मतं पडली, त्यातली तीन मित्रांची. मग वैतागून त्यांनी पाच जणांना पूर्ण पटकथाच वाचायला दिली, तर पाच अभिप्राय पाच दिशांना. ते विचारतात: कुणाचं ऐकू? मतं पडायला पिचमध्ये, म्हणजे गोष्ट थोडक्यात पुढे मांडताना, काय लिहू? आणि एवढं सगळं उघड केल्यावर कुणी गोष्ट उचलली तर?

मी बरीच वर्षं पटकथा वाचायचं काम करतो. म्हणजे पैसे घेऊन वाचतो. निर्मितीसंस्थांकडे आलेला गठ्ठा घरी आणायचा, प्रत्येक पटकथेवर दीड-दोन पानांचं टिपण लिहायचं आणि वर शेरा मारायचा. त्यात 'पास' असाही एक शेरा असतो आणि त्याचा अर्थ नापास असा होतो, हे मला या धंद्यात आल्यावर चार दिवसांनी कळलं. तोवर मी आवडलेल्या तीन पटकथांवर 'पास' लिहून मोकळा झालो होतो.

आधी त्या मित्रांच्या मतांबद्दल. वाईट वाटून घेऊ नका, हे सगळीकडे चालतं. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ज्यांनी एकदा तरी 'आव्वाज कुणाचा' ऐकलाय, त्यांना सांगायला नको की आरोळी एकांकिका सुरू व्हायच्या आधीच दिलेली असते. मित्राचं मत म्हणजे ती आरोळी. हुरूप येतो, माहिती शून्य. त्यापेक्षा वाईट असते ती देवाणघेवाण: मी तुझ्या लॉगलाइनला 'जबरदस्त' म्हणतो, तू माझ्या दहा पानांना 'अंगावर काटा आला' म्हण. अहो रूपम् अहो ध्वनिः. अशा गटात सहा महिने राहिलेला लेखक नॅरेशन द्यायला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, पहिल्यांदा अंधेरीला जातो, तेव्हा समोरचा माणूस पाचव्या मिनिटाला फोन बघायला लागतो. का, ते त्या लेखकाला खरंच कळत नाही.

तरीही मत म्हणजे नेमकं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. 2005 साली हॉलिवूडमध्ये फ्रँकलिन लेनर्ड नावाच्या, निर्मितीसंस्थेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने आपल्यासारख्याच इतर अधिकाऱ्यांना विचारलं, की तुम्ही वाचलेल्या, पण अजून पडद्यावर न आलेल्या पटकथांपैकी तुम्हाला आवडलेल्या दहा कुठल्या? आलेली उत्तरं मोजून त्याने यादी केली, तीच पुढे 'ब्लॅक लिस्ट' म्हणून प्रसिद्ध झाली आणि दरवर्षी निघू लागली. त्याने 'सर्वोत्तम' विचारलं नव्हतं, 'आवडलेल्या' विचारलं होतं. सर्वोत्तम विचारलं की माणूस परीक्षक होतो, पाठ ताठ करतो आणि विषयाच्या गांभीर्याला मार्क देतो. आवडलेली विचारली की त्याला रात्री दीडपर्यंत जागवणारी आठवते. तुमच्या गटातलं मत तर याहून साधं आहे. एक लॉगलाइन आणि दहा पानं वाचून माणूस एवढंच सांगतोय, की अकरावं पान उलटावंसं वाटलं. पटकथा चांगली की वाईट हे त्याला माहीतच नाही, त्याने ती वाचलेली नाही.

काही गट मताऐवजी दहापैकी गुण देतात आणि सरासरी काढतात. सरासरीने लेखक फसतो. एका पटकथेला चौघांनी सहा, सहा, सहा, सहा दिले. दुसरीला नऊ, नऊ, तीन, तीन. दोन्हींची सरासरी सहाच. मला विचाराल तर पहिलीचा लेखक नीटनेटका आहे आणि दुसरीच्या हातात काहीतरी आहे. चौघांना 'बरी' वाटलेली पटकथा कुणी बनवत नाही. चित्रपट बनतो तो एका माणसाने हट्ट धरल्यामुळे. तेव्हा गुण मिळाले की आधी ते सुटे करून बघा.

आता तुमचं पिच. तुम्ही पाठवलेली लॉगलाइन जशीच्या तशी देतो:

"ही कथा आहे माणुसकी आणि भ्रष्टाचार यांच्यातील संघर्षाची. ग्रामीण महाराष्ट्रातील एका प्रामाणिक तरुणाच्या आयुष्यात असं काही घडतं की त्याचं आयुष्यच बदलून जातं. पुढे काय होतं? नात्यांचा कस लावणारा एक थरारक प्रवास."

यातून साखर कारखाना वगळला गेलाय हे तुमच्या लक्षात आलं का? काटा नाही, ऊस नाही, माणूस नाही. हे वर्णन मी गेल्या महिन्यात वाचलेल्या कुठल्याही तीन पटकथांना चिकटवता येईल. 'असं काही घडतं की' या चार शब्दांत तुम्ही तुमच्याकडची एकमेव किमती वस्तू झाकून ठेवलीत. 'पुढे काय होतं' ही पोस्टरची भाषा आहे, तिकीट काढणाऱ्यासाठी. पटकथा वाचणारा प्रेक्षक नसतो. त्याच्यापुढे अकरा दुसऱ्या लॉगलाइन आहेत आणि उद्या सकाळची शिफ्ट आहे.

तुमच्या पटकथेत पान 71 वर एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, तुमचा नायक संजय काट्यावरच्या केबिनमध्ये बसलाय, आणि रांगेतून त्याच्याच थोरल्या भावाची ट्रॉली काट्यावर चढते. संजय सवयीने आकडा मारतो. भाऊ पावती घेतो, बघतो, आणि खिशातून दुसरी पावती काढून तिच्या शेजारी धरतो. येताना त्याने ट्रॉली बाहेरच्या खासगी काट्यावर तोलून आणलेली असते. दोघं काही बोलत नाहीत. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतो.

हा प्रसंग वाचताना मी चष्मा काढून पुसला. तुमची लॉगलाइन इथे आहे:

"कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून मालकांच्या सांगण्यावरून प्रत्येक ट्रॉलीमागे काही क्विंटल ऊस मारतो. एका रात्री काट्यावर त्याच्या थोरल्या भावाची ट्रॉली येते, आणि भावाच्या खिशात बाहेरच्या काट्याची पावती असते."

दोन वाक्यं. यात 'संघर्ष', 'प्रवास', 'थरारक' असलं काही नाही आणि लागतही नाही. एक माणूस, त्याचं रोजचं पाप, आणि ते ज्याच्यापुढे उघडं पडू नये नेमका तोच माणूस. सहकारी कारखाना असेल तर 'मालक' हा शब्द बदला, 'चेअरमन' करा. उसाच्या पट्ट्यातला वाचक तिथेच अडखळेल. आणि हो, शेवट लॉगलाइनमध्ये सांगायचा नसतो, पण पेच सांगायचाच असतो. लेखक पेचालाच शेवट समजून लपवून ठेवतात, हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की आता त्याचा रागही येत नाही.

लॉगलाइन अशी केली की लगेच दुसरी अडचण उभी राहते. जे वचन दिलं ते पान 71 वर पुरं होतंय. तुमची पटकथा 148 पानांची. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट हा हिशेब कुरिअर नावाच्या फाँटमधल्या रोमन मजकुराचा आहे, देवनागरीला तो तसाच लागू पडत नाही. म्हणून पानं मोजण्यापेक्षा एकदा घड्याळ लावून सगळं मोठ्याने वाचा, हालचालींनाही वेळ देत. पण हिशेब कसाही केला तरी तुमचा भाऊ मध्यंतराच्या तोंडावर येतोय, आणि मत मिळवायचंय पहिल्या दहा पानांवर.

त्या दहा पानांतलं पहिलं पान असं आहे:

सीन 1. बाह्य. गाव. पहाट.
सूर्योदय होत आहे. पक्ष्यांचा किलबिलाट. ग्रामीण महाराष्ट्राचं विलोभनीय दर्शन. एक म्हातारी अंगणात सडा घालते आहे. संजय (28), स्वभावाने प्रामाणिक, कष्टाळू, वडिलांच्या निधनानंतर घराची सगळी जबाबदारी अंगावर पडलेला, आरशात बघून केस विंचरतो आहे.

केस विंचरणारा माणूस कॅमेऱ्याला दिसतो. वडिलांचं निधन दिसत नाही. प्रामाणिकपणा तर मुळीच दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर तो तुमच्या पुढच्या गोष्टीला मारक आहे. म्हातारीचा सडा मी आयुष्यात किती पहिल्या पानांवर वाचलाय याची मोजदाद नाही. आपल्याकडे गावात सकाळ झाली की पटकथाकार तिला हाताला धरून अंगणात आणतातच.

तुमच्याच सीन 7 मधला माल घेऊन मी हे करून पाहिलं:

सीन 1. बाह्य. कारखान्याचा वजनकाटा. रात्र.
उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग, ट्रॅक्टरचे दिवे बंद. एक ट्रॉली काट्यावर चढते. केबिनच्या काचेआड संजय (28), कानाला मफलर. आकडा थरथरतो, स्थिरावतो. संजय बाहेर न बघता पावती खिडकीतून पुढे करतो. चालक ती दिव्याखाली धरतो.
चालक: एवढंच?
संजय: पुढची घ्या.

हे आदर्श आहे असा माझा दावा नाही. पण 'पुढची घ्या' म्हणणारा संजय कोण आहे हे वाचकाला लगेच कळलं, आणि त्याला बाहेर बघवत नाही हेही दिसलं. आता पान उलटेल.

मग ते पाच अभिप्राय. एक म्हणतो नायक आणखी चांगला दाखवा. दुसरा म्हणतो नायक फारच गुळगुळीत आहे. तिसऱ्याला प्रेमप्रकरण लवकर हवंय, चौथ्याला मधला भाग संथ वाटला, पाचव्याला शेवट सकारात्मक हवा. तुम्ही लिहिलंत की हे परस्परविरोधी आहेत. औषधं परस्परविरोधी आहेत, दुखणं एकच आहे. मी त्यांनी समासात केलेल्या खुणा बघितल्या. शेवटाबद्दल बोलणारा सोडला तर चौघांच्याही खुणा पान 25 च्या पुढे विरळ होतात, आणि 33 नंतर, म्हणजे संजयला पहिल्यांदा काटा मारायला सांगितलं जातं तिथून, पुन्हा दाट होतात. म्हणजे गोष्ट 33 व्या पानावर सुरू होते हे चौघांनीही ओळखलं. फक्त त्यांना ते तसं सांगता आलं नाही. वाट बघून कंटाळलेला माणूस म्हणतो, प्रेमप्रकरण आणा. त्याला प्रेमप्रकरण नकोय, काहीतरी घडायला हवंय. नायक चांगला दाखवा म्हणणारा आणि गुळगुळीत म्हणणारा, दोघंही एकाच फसवणुकीवर बोट ठेवतायत: पहिल्या पानावर तुम्ही प्रामाणिक म्हणून ओळख करून दिलीत आणि 36 व्या पानावर त्याने चार ओळींत चोरी करायला होकार दिला.

म्हणून वाचकाने सांगितलेला उपाय ऐकून घ्या, आभार माना आणि बाजूला ठेवा. त्याला ठेच कुठे लागली ते मात्र लिहून ठेवा, पान नंबरासकट. मी एक प्रश्न हमखास विचारतो: चहाला कुठल्या पानावर उठलात? लोक याचं खरं उत्तर देतात, कारण त्यात कुणाचा अपमान नाही. दुसरं म्हणजे, पटकथा न बघता मला गोष्ट सांगा म्हणावं. सांगताना तो जे गाळतो ते बहुधा तुम्हीही गाळू शकता. एका बाईंनी माझी पहिली पटकथा मला अशी परत सांगितली, तेव्हा त्यात माझा आवडता काका नव्हताच. मी विचारलं, काकांचं काय? त्या म्हणाल्या, कोण काका? तो काका मी अकरा सीनमध्ये लिहिला होता.

अभिप्राय मागतानाही 'कशी वाटली?' असं विचारू नका. त्याला 'छान' हेच उत्तर आहे, आपल्याकडे तर जेवणालाही तेच उत्तर आहे. 'भावाने पावती काढली तेव्हा तो आधीपासून संशय घेऊन आला होता असं वाटलं का?' असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. आणि उत्तर येत असताना मध्ये बोलू नका. 'त्याचं कारण पुढे येतं' हे वाक्य ज्या लेखकाच्या तोंडून तीनदा येतं, त्याला चौथा वाचक मिळत नाही.

दुसऱ्यांच्या पटकथा किती वाचता, हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून धरून चालतो की फार नाही. 2000 साली 'गॉडफादर'चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या संस्थेने हौशी लेखकांसाठी इंटरनेटवर 'व्हर्च्युअल स्टुडिओ' काढला, 2002 मध्ये अभिनेता केविन स्पेसी आणि डॅना ब्रुनेटी यांनी 'ट्रिगर स्ट्रीट' हे तसंच संकेतस्थळ काढलं. दोन्हीकडचा पाया एकच होता: आधी दुसऱ्यांचं वाचा, त्यावर लिहा, मग तुमचं वाचलं जाईल. वरवर हा काम वाटून घेण्याचा मार्ग दिसतो. पण खरा फायदा वाचणाऱ्याचा होतो. दुसऱ्याच्या पटकथेत सडा घालणारी म्हातारी पाचव्यांदा भेटली की आपली आपोआप घरात जाते. तुमच्या गटात हा नियम नसेल तर आणा. एक द्यायची असेल तर आधी चार वाचून प्रत्येकीवर निदान एक पान लिहायचं, पान नंबर देऊन. आवाज कुणाचावाले आपोआप गळतील.

चोरीबद्दल. ही भीती मी उडवून लावणार नाही, पण ती जिथे ठेवायला हवी तिथे ठेवू. कल्पनेवर कुणाचाही हक्क नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली हे स्पष्ट केलं: कल्पना, विषय, कथानकाचा ढाचा यांवर कॉपीराइट नाही, तो त्यांच्या मांडणीवर असतो. म्हणजे काटामारीवर उद्या कुणीही चित्रपट काढू शकतो. दोन पावत्या शेजारी धरणारा भाऊ, त्यामागचा हॉर्न, ते न बोलणं, अशा तपशिलांतून उभी राहिलेली लिहून काढलेली मांडणी तुमची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती लिहिल्या क्षणापासून तुमची आहे, नोंदणी ही पुराव्यापुरती. दुसरी बाजूही आहे: विश्वासाने दिलेली, पुरेशी विकसित केलेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये झी टेलिफिल्म्स आणि संडायल यांच्या प्रकरणात म्हटलं. तेव्हा गटात देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन पटकथा नोंदवा, आणि कुणाला कुठला खर्डा कोणत्या तारखेला दिला याची एक वही ठेवा. ई-मेलने दिलीत तर तारीख आपोआप राहते. हातात प्रिंट देऊन 'वाच रे' म्हणालात तर काही राहत नाही.

मला जास्त भीती वाटते ती न वाचता मान्य केलेल्या अटींची. नोव्हेंबर 2010 मध्ये अ‍ॅमेझॉन स्टुडिओजने कुणीही पटकथा द्यावी असं जाहीर केलं, मोठमोठी बक्षिसं लावली. सुरुवातीच्या अटी अशा होत्या, की दिलेल्या पटकथेवर 18 महिने कंपनीचा हक्क, त्यासाठी वेगळा मोबदला नाही, आणि दुसरे हौशी लेखक ती पटकथा बदलून आपला खर्डा जोडू शकत. बारभाईची खेती, काय लागेल हाती! ओरड झाल्यावर 2012 मध्ये अटी सैल केल्या, आणि 2018 मध्ये अशा खुल्या पटकथा घेणंच बंद केलं. मराठीत आज कुठे स्पर्धा निघाली, बक्षीस लाखाचं असलं, तरी आधी अर्जाच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. 'प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं वाक्य असेल तर प्रवेशिका पाठवूच नका.

एवढं झाल्यावर एक काम राहतं, आणि मी तुमच्या जागी असतो तर ते आजच केलं असतं. चार मतांतली तीन मित्रांची, असं तुम्ही जरा रडक्या सुरात लिहिलंत. मग चौथं कुणाचं? तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणीतरी, सूर्योदय, सडा आणि ती लॉगलाइन सहन करून, बाकीच्या अकरा बाजूला ठेवून तुमच्या नावापुढे खूण केलीय. त्या माणसाला शोधा, शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटा. मत का दिलंत असं विचारू नका, तो काहीतरी चांगलं बोलून मोकळा होईल. त्या दहा पानांतलं काय आठवतंय, एवढंच विचारा. मला वाटतं तो सीन 7 मधल्या काट्याबद्दल बोलेल. तसं नसेल आणि तो म्हातारीबद्दल बोलला, तर मला परत लिहा. मग माझंच काहीतरी चुकलं असेल.